सहावीतला मातकट समुद्र

खिडकीची जागा मी घेणार, हे मी चिकलठाण्याच्या विमानतळावर पोचायच्या आधी रिक्षातच जाहीर करून टाकलं होतं. यजमान म्हणाले, "अगं, पण तिकिटावर खिडकी माझ्या नावावर आहे." मी म्हटलं, "असू द्या. एकोणतीस वर्षं भूगोल मी शिकवलाय, तुम्ही नाही." त्यावर त्यांनी खिडकीचं तिकीट माझ्या हातात दिलं. फुलंब्रीकडच्या आमच्या शाळेतली पोरं माझ्या आवाजाला जेवढी सरावली होती, तेवढेच हेही सरावलेले आहेत.

लेकीची नुकतीच मुंबईला बदली झाली होती, तिनंच ही तिकिटं काढून पाठवली. त्याआधी मी मुंबईच्या बाजूला दोनदा गेले, दोन्ही वेळा लग्नाला, आणि दोन्ही वेळा कल्याणहूनच परत फिरले. म्हणजे खाडी, पुळण, भूशिर, मिठागरं हे सगळं आयुष्यभर फळ्यावर काढून दाखवणाऱ्या बाईनं समुद्र काही पाहिलेला नव्हता. आमच्याकडं यात नवल नाही, किती जणांनी पाहिलेला नसतो. पण मला त्याची मनातून लाज वाटायची, आणि त्या लाजेपायी मी एकदा वर्गात चक्क खोटं बोलले होते.

विमान वर चढलं. थोड्याच वेळात खाली एवढं मोठं पाणी चमकलं की यजमान माझ्या खांद्यावरून वाकून ओरडले, "आला गं समुद्र!" पुढच्या दोन रांगा वळून हसल्या.

"अहो, नाथसागर आहे तो! पैठणचं धरण. आपल्या नळाला येतं ते पाणी."

"तरीच म्हटलं, ओळखीचा वाटतोय," म्हणाले आणि पुन्हा टेकून बसले.

मुंबई जवळ आली तसं पायलटनं सांगितलं, की खाली विमानांची गर्दी आहे, थोडं फिरत राहावं लागेल. लोक वैतागले. मला मात्र सोनं सापडल्यासारखं झालं. विमान तिरकं झालं आणि माझे सगळे धडे एकदम खाली पसरले. ही खाडी. ही तिच्या काठची खारफुटी, गडद हिरवी, वरून मेथीच्या वाफ्यासारखी. ही मिठागरं, पावसाच्या पाण्यानं भरलेले चौकोनच चौकोन. मी एकेक बोटानं दाखवत होते आणि यजमान बिचारे शहाण्या विद्यार्थ्यासारखे मान डोलवत होते. मग उंच इमारतींची दाटी आली, आणि मग जमीन संपली.

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघालं.

समुद्र मातकट होता. पहिल्या पुरात आमच्या गिरजा नदीला येतं तसं गढूळ पाणी किनाऱ्यापासून लांबवर पसरलेलं. निळा होता, नाही असं नाही, पण पार तिकडं, आभाळाला टेकतो तिथं.

"पोरीचं बरोबर होतं की हो!"

"कोणत्या पोरीचं?" यजमान म्हणाले. मग मला सांगावंच लागलं.

सहावीत एक मुलगी होती. आईबाप मुंबईला बांधकामावर, तीही दोन वर्षं त्यांच्याबरोबर खाडीकाठी पत्र्याच्या खोलीत राहून गावी परतलेली. मी कोकण किनाऱ्याचा नकाशा रंगवायला दिला, तर हिनं समुद्र मातकट रंगवून आणला. मी वही सगळ्या वर्गासमोर उंच धरली. पोरं खदाखदा हसली. ती म्हणाली, "बाई, म्या पाह्यलाय. असाच असतोय." झालं! माझा पारा चढला. "भूगोल मी शिकवते का तू? मीसुद्धा पाहिलाय, लई वेळा पाहिलाय. निळा असतो. रंगव परत!" तिनं मान खाली घालून वरून निळा फासला. मातकटावर निळा काही बसेना, घासून घासून कागद फाटला.

यजमान आधी हसले, मग हसायचे थांबले. "सिल्लोडच्या गाडीवरची कंडक्टर, तुझी जुनी विद्यार्थिनी, तीच का गं ही?"

तीच. फुलंब्रीच्या अलीकडं फाट्यावर माझी बहीण राहते, तिच्याकडं जाताना ही गाडीवर असली की "बाई, इकडं बसा" म्हणत मला पुढची जागा करून देते. आणि मी ऐटीत बसायचे.

मुंबईत चार दिवस लेकीनं खूप फिरवलं. चौपाटीवर भेळ खाल्ली, लाटांत उभी राहून साडी भिजवून घेतली, यजमानांना पाण्यात ओढलं. लई मजा केली. पण विमानातून काढलेला फोटो मोबाइलमध्ये होता आणि तो काही मला सोडेना.

परत आल्यावर मी रोज स्टँडवर जाऊन सिल्लोडच्या गाड्या धुंडाळू लागले. दोन दिवस ती दिसली नाही. यजमान म्हणाले, "मुंबई तासाभरात गाठलीस, पण फुलंब्री काही गाठवेना!" तिसरा दिवस रविवार होता. त्या दिवशी ती भेटली, आणि मी गाडीत बसून बहिणीच्या फाट्याचं तिकीट काढलं.

हर्सूल मागं पडलं, सगळ्यांची तिकिटं देऊन झाली, तशी मी तिला जवळ बोलावलं आणि फोटो पुढं धरला. "हा बघ समुद्र. वहीतला तुझा रंग बरोबर होता. मी चुकले. आणि तेव्हा मी समुद्र पाहिलेलाच नव्हता, खोटं बोलले." विद्यार्थ्यापुढं 'चुकले' म्हणायची ही माझी पहिलीच वेळ.

मला वाटलं, 'जाऊ द्या बाई' म्हणेल. ती म्हणाली, "मागच्याच आठवड्यात माझ्या पोरीनं इचारलं, आई, समुद्राला कोणता रंग देऊ? म्या म्हणलं, निळा."

"अगं, पण तू तर पाहिला होतास!"

"व्हय. दोन वर्षं रोज पाह्यला. पण मला वाटलं, ल्हान होते, माझ्याच डोळ्यांचा कायतरी घोटाळा झाला असंल. बाई कशाला खोटं बोलतील?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लाव तिला फोन," मी म्हटलं.

"बाई, ड्युटीवर आहे मी."

"सांगतेय ना, लाव!" हा आवाज मात्र जुनाच निघाला, आणि तिनं निमूट फोन लावून माझ्या हातात दिला.

"बाळा, मी तुझ्या आईच्या शाळेतली बाई," इंजिनाच्या घरघरीवर मी आवाज चढवला, म्हणजे अख्ख्या गाडीनं ऐकलं. "तुझ्या आईनं समुद्र पाहिलाय, तिला शिकवताना मी पाहिला नव्हता. त्याचा रंग तिला विचारायचा. मला नाही."

पलीकडून बारीक आवाज आला, "मंग निळा खोडू?"

"नको गं, कागद फाटेल. नवा काढ. किनाऱ्याला मातकट दे, निळा पार लांब."

"आईला द्या," पोर म्हणाली.

तिनं फोन कानाला लावला. "व्हय गं, खरंच पाह्यलाय म्या. आपल्या दारातच होता की. भरती आली की पार उंबऱ्यापोत्तर यायचा, मंग तुझी आजी भांडी वर उचलायची..." ती दांडीला टेकून बोलत राहिली. वर्गात मी तिला इतकं कधी बोलूच दिलं नव्हतं. बहिणीचा फाटा आला आणि गेला. बेल द्यायची ती विसरली होती. मी हात मांडीवर ठेवून ऐकत बसले.