गोजरबाईचे दोन टेप

चुडाव्याच्या गोजरबाईचा गळा काही गोड नव्हता. ती गायला लागली की तिची सासू सरजाबाई म्हणायची, "बाई, तू नुसतं ऐक." पण पंचमीला फेर धरायची वेळ आली, की साऱ्या बाया तिलाच मधे ओढायच्या. फेरात बायांच्या दोन बाऱ्या, म्हणजे दोन गट असतात. एका बारीनं ओळ म्हणायची, दुसरीनं ती उचलायची, आणि उचलायची तीसुद्धा पहिलीचं शेवटचं अक्षर खाली पडायच्या आत. मधे श्वासभर जरी खंड पडला, तरी पाय अडखळतात आणि फेर विस्कटतो. तो खंड गोजरबाईला आधीच कळायचा. ती अशी जोरात टाळी द्यायची, की दुसरी बारी आपसूक सुरू व्हायची.

तिचा नवरा आसाराम. दोन एकर कोरडवाहू रान, म्हणून दिवाळी झाली की दोघंही टोळीबरोबर ऊस तोडायला जायची. अशी सात वर्षं गेली. शहाऐंशी साली हंगाम संपून पट्टा पडायच्या सुमारास कारखान्याच्या तळावर एका गाडीवानाच्या पोराचं लग्न निघालं. कोयते ठेवून सगळा तळ नाचायला आला. टेपवाला एका खाटेवर मशीन मांडून बसला होता. गाणं लागलं की धूळ उडायची. गाणं संपलं, की तो कॅसेट काढायचा, दुसरी शोधायचा, उलटी घालायचा, परत काढायचा. तोवर नाचणारे हात वर करून तसेच उभे. कोणी पाणी प्यायला जायचं, कोणी विडी पेटवायचं. परत रंग भरेस्तोवर ते गाणंही संपत यायचं.

चौथ्या-पाचव्या वेळी गोजरबाईच्यानं राहवेना. तिनं आसारामचं मनगटच धरलं.

"आवं, ह्याच्यापाशी दोन टेप असते तर?"

"दोन कशाला? वाजणार तर एकच गाणं."

"एक पडायच्या आत दुसरं उचलायला! आपल्या फेरावानी!"

आसाराम हसला. पण ट्रकमधून गावाकडं येताना वाटभर ती हेच बोलत राहिली. सात हंगामांची शिल्लक बैलजोडीसाठी ठेवलेली होती, आणि आसारामच्या डोळ्यांपुढं बैलांची शिंगंसुद्धा रंगवून तयार होती.

"बैल वर्षभर बसून खातेत," गोजरबाई म्हणाली. "टेप काय खातो?"

आसारामनं मान डोलावली, आणि तिथंच तो फसला.

पूर्णेला स्टेशनजवळ पंडित नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा होता. गोजरबाईनं आधी त्याला गाठलं. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी सांगितल्या. "वैनी, दुकानातल्या कॅसेटवर माल पारखू नका. ती कोणत्याबी मशीनवर चांगलीच वाजती. आपल्या कानाला पाठ असलेली कॅसेट घिऊन जा. आन् मशीन बॅटरीवर चालती का, ते आधी विचारा. आपल्याकडं लाईटचा काय भरवसा?"

मग एका सकाळी पॅसेंजरनं दोघं नांदेडला उतरली. गोजरबाईच्या पिशवीत भाकरी होती आणि एक कॅसेट. गेल्या पंचमीला पंडितनंच आपल्या टेपवर गावातल्या बायांचा फेर भरून घेतला होता, तीच ही कॅसेट. त्यातला कोणाचा आवाज कुठं चिरकतो, हे तिला पाठ होतं.

वजिराबादेतल्या पहिल्या दुकानात आसाराम दारातच थबकला. माणसाएवढाले दोन बॉक्स, आणि गाण्याच्या ठेक्यावर लाल-हिरवे दिवे लुकलुकायलेले. दुकानदारानं बटन फिरवलं आणि आसारामच्या छातीत धडधड सुरू झाली.

"हीच घ्यायची," तो म्हणाला.

"जरा बारीक करून दावा," गोजरबाई म्हणाली.

"बारीक?" दुकानदाराला कळेना. "बाई, लोक मोठं करा म्हणतात."

"मोठ्या आवाजात सगळंच गोड वाटतंय. बारीक करा."

त्यानं आवाज उतरवला. गाण्याच्या मागं माशी घोंगावल्यासारखा एकसारखा हूं ऐकू यायला लागला. गोजरबाईनं आपली कॅसेट लावायला सांगितली. फेरातल्या बाया घागरीत तोंड घालून गायल्यासारख्या वाटल्या.

"बॅटरीवर चालती का?"

"ही हॉलमधे लावायची चीज आहे बाई, बैलगाडीत नाही."

"आमाला तर बैलगाडीतच लावायची हाय," म्हणत ती उठली. आसाराम रस्त्याच्या वळणापर्यंत मागं वळून त्या दिव्यांकडं बघत होता.

तिसऱ्या की चौथ्या गल्लीत एक अरुंद दुकान सापडलं. जुन्या मशिनी कापडाच्या गठ्ठ्यांसारख्या छतापर्यंत रचलेल्या, आणि त्यांच्यात पांढऱ्या दाढीचे एक चाचा तारा जोडायच्या तापलेल्या डाखणीतून धूर काढत बसलेले. गोजरबाईनं आपली अट सांगितली. मोठं काही नको, नवंच पाहिजे असंही नाही. आवाज मोठा करणारी मशीन छोटी चालेल, पण बॅटरीवर चालणारी. कर्णे दोन. माईक एक. आणि टेप दोन, ते मात्र एकमेकांच्या बरोबरीचे.

"दो टेप?" चाचांनी चष्मा वर केला. "एक बिगड्या तो दूसरा, ऐसा?"

"न्हाई. दोन्ही संगंच चालायचे. एक गाणं पडायच्या आत दुसरं उचलायचं."

चाचांनी डाखण खाली ठेवली. दोन जुने टेप काढून फुंकर मारली आणि शेजारी शेजारी मांडले. गोजरबाईनं आपली कॅसेट पहिल्यात ऐकली, मग दुसऱ्यात. डोळे मिटून परत पहिल्यात.

"ह्यो दुसरा पळायलाय," ती म्हणाली.

"नै बाई, दोनो बराबर हैं."

"पळायलाय. तानुबाईचा आवाज ह्याच्यात पोरीवानी येतोय. ती साठीची हाय!"

चाचांनी पुन्हा ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि मांडीवर थाप मारून खो-खो हसले. "पळ रा है! कसम से पळ रा है!" त्यांनी टेपचं मागचं झाकण काढलं. आत मोटरीला एक बारीक स्क्रू होता. तो केसभर फिरवायचा, की टेपची चाल कमी-जास्त होते. चाचा स्क्रू फिरवत गेले, गोजरबाई ऐकत गेली. "आजून थोडं... आजून... लय झालं, मागं घ्या... बस! आता आली तानुबाई!"

"बीस साल हो गये दुकान को," चाचा आसारामला म्हणाले, "ऐसा कान नै देखा मैं." त्या खुशीत त्यांनी दोन्ही टेपांसाठी कापडी गवसण्या फुकट दिल्या आणि बॅटरीच्या तारा स्वतः जोडून दाखवल्या. आणलेल्या पैशांत सगळं बसलं. परतीच्या गाडीत कर्णे दोघांच्या मांडीवर होते. डब्यातली लोकं विचारायची, "कोणाची सभा हाय?" आणि गोजरबाईला हसू आवरायचं नाही.

राहिली ती जोडणी. एका मशीनला दोन टेप लावायचे आणि आवाज याच्यावरून त्याच्यावर अलगद न्यायचा, असं तयार यंत्र चाचांकडं होतं, पण आवाक्याबाहेरचं. पंडितनं चहाच्या पत्र्याच्या डब्यात काही तरी जुळवलं आणि वर एक गोल बटन बसवलं. डावीकडं फिरवलं की डावा टेप, उजवीकडं फिरवलं की उजवा, आणि मधे ठेवलं तर दोन्ही. शिवाय रेडिओचं कानात घालायचं एक बोंड त्यानं तिला दिलं. पुढचं गाणं नेमकं कुठून सुरू होतंय, ते त्यातून एकटीला ऐकू यायचं. गोजरबाई पदर डोक्यावरून घेऊन त्याखाली ते बोंड कानात घालून बसायची. पंधरा दिवस घरात हेच. शेजारची नर्मदाबाई एकदा सरजाबाईला विचारून गेली, "सूनबाईचा कान फुटलाय व्हय? तेल-लसूण घाला की."

वैशाखात माणिकरावांच्या पोरीचं लग्न होतं. गावातलं मोठं घर. लग्नाला पूर्णेहून नावाजलेला लाऊडस्पीकर ठरला होता. गोजरबाई विचारायला गेली तेव्हा माणिकराव म्हणाले, "बाई माणूस मशीन वाजवणार? बरं दिसतं का ते?" पण त्यांच्या कारभारीण कस्तुराबाई तिला पंचमीच्या फेरापासून ओळखत होत्या. त्या म्हणाल्या, "हळद बायांची असती. हळदीला गोजर वाजवील."

हळदीच्या दिवशी आसारामनं अंगणातल्या लिंबावर चढून कर्णे बांधले आणि तो तिथंच फांदीवर बसून राहिला. गोजरबाईनं खाटेवर दोन टेप मांडले, मधे पंडितचा डबा ठेवला, आणि पहिलं गाणं लावलं. बाया हसत-लाजत उठल्या. गाणं संपत आलं. बायांनी सवयीनं हात खाली घेतले, एक-दोघी बसायलाही निघाल्या. गोजरबाईनं पदराखाली कान लावून दुसरं गाणं हेरलं होतं. पहिल्याचा शेवटचा ठेका अजून हवेत होता, तेवढ्यात तिनं बटन हळूच फिरवलं.

गाणं थांबलंच नाही. ते वळलं.

अंगणातून एकदम किलकारी उठली. बसायला निघालेल्या माघारी पळत आल्या. तिसरं, चौथं, पाचवं. ज्यांचे पाय दुखायचे त्या म्हाताऱ्यासुद्धा उठल्या. कस्तुराबाईंची हळद घामानं गळ्यापर्यंत ओघळली तरी त्या थांबेनात. पारावरची माणसं कुतूहलानं भिंतीपाशी गोळा झाली.

आणि सहाव्या गाण्यात, ऐन रंगात, डाव्या टेपनं रीळ खाल्ली. गाणं एकाएकी रडक्या सुरात लांबायला लागलं. आसाराम झाडावरूनच ओरडला, "गोजरे! टेप खात न्हाई म्हणाली होतीस न्हवं!"

 उजव्या टेपात पुढचं गाणं तयार होतं. तिनं खट्कन बटन उजवीकडं केलं. नाचणाऱ्यांना वाटलं, गाणं मुद्दामच असं वळवलंय, आणि त्यांनी दुप्पट जोरानं टाळी दिली. उजवा टेप वाजत असताना तिनं डाव्यातली कॅसेट काढली, गुंतलेली रीळ बोटांनी सोडवली, पेन्सिलीनं गुंडाळली, आणि ते गाणं संपायच्या आत कॅसेट पुन्हा जागेवर बसवली.   असा आनंद तिला आजवर कशातच झाला नव्हता.

माणिकराव भिंतीपाशी उभे होते. जाताना एवढंच म्हणाले, "उद्या वरातीलाबी हीच ठेवा."

त्या हंगामात तिला अकरा लग्नं मिळाली. दिवाळीला टोळी निघाली, तेव्हा चुडाव्याची ही दोघं पहिल्यांदाच मागं राहिली.

पुढल्या साली चैत्रात भीमनगरातले किशनराव मास्तर घरी आले. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीला मशीन पाहिजे म्हणाले. गोजरबाईनं लगेच इसाराचे पैसे घेतले. ते विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते. अठ्ठ्याहत्तर साली मराठवाड्यात घरं जळाली होती आणि गावोगावी मनं अजून निवली नव्हती. संध्याकाळी माणिकरावांचा निरोप आलाच: तिकडं जाऊ नये.

आसाराम म्हणाला, "आपल्या रानाची वाट त्यांच्या बांधावरून जाती, गोजरे."

"ठावं हाय मला. पर मास्तरांचा इसार मी हातात घेतलाय. आन् घेतला नसता, तरी न्हाई कशापायी म्हणायचं?"

आसाराम उठला. त्यानं मिरवणुकीसाठी बॅटरीत पाणी घातलं.

बांधावरची वाट पुढं बंद झाली. दोन पावसाळे आसारामला नाल्याकडून वळसा घालून रानात जावं लागलं. मग एका सकाळी वाटेवरचे काटे बाजूला सारलेले दिसले. कोणी सारले, ते गावात कोणीच सांगितलं नाही.

पण जयंतीच्या त्या दिवशी गोजरबाईच्या मनात वाट नव्हती की बांध नव्हता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ती दोन टेपांमधे मांडी घालून बसली होती. पुढं निळे झेंडे, लेझीम, नव्या पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया. ट्रॉली खड्ड्यातून जायची आणि ती दोन्ही हातांनी टेप उचलून धरायची, गाण्याला हिसका बसू नये म्हणून. एवढी माणसं तिच्या गाण्यावर कधीच चालली नव्हती. शाळेपाशी किशनराव मास्तरांनी हात वर केला. त्यांची सातवीतली मुलगी भाषण करणार होती. गोजरबाईनं गाणं हळूहळू उतरवत नेलं, आणि ट्रॉलीत चढलेल्या पोरीच्या हातात माईक दिला.

पोरीचा आवाज पहिल्या वाक्याला कापला. गोजरबाई खालून पुटपुटली, "तोंडापासून चार बोटं लांब धर, माय. आन् दमानं." पोरीनं माईक लांब धरला. मग तिचा आवाज असा खणखणीत निघाला, की लेझीमवाले जागच्या जागी उभे राहून ऐकायला लागले.

भाषण संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरायच्या आत गोजरबाईनं बटन फिरवलं.