चिठ्ठीतली सोयीची ओळ

अकोल्याच्या डॉक्टरांनी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि चुळबुळीचा त्रास, आहे म्हणून सांगितलं आणि शाळेसाठी चिठ्ठी दिली. हिला पुढच्या बाकावर बसवा, परीक्षेत थोडा जादा वेळ द्या आणि तासाला मधून मधून उठू द्या, एवढंच त्यात होतं. मी ती चिठ्ठी रिसोडला तिच्या शाळेत नेऊन दिली. मुख्याध्यापकांनी आधी चिठ्ठीवर आवकचा शिक्का मारला, मग वाचली.

"पोरं ऐकत नाही अन् डाक्टर त्याले इंग्रजी नाव देते," ते म्हणाले. "आमच्या वक्ती याले दोन फटक्याची दवा होती."

इतक्या शिकलेल्या माणसाशी मी काय वाद घालणार! "सर, तेवढं चिठ्ठीपरमानं करा," म्हणून घरी आले.

महिनाभराने बाजाराला निघाले, तर बसस्टँडच्या चहाटपरीवर माझी मुलगी गणवेशात उभी. हातात केटली. शाळेत तेव्हा तिच्या वर्गाचा गणिताचा तास चालू होता.

केटली आणि पोरगी, दोन्ही घेऊन मी शाळा गाठली. पाच गुरुजी चहाची वाट बघत बसले होते. लाज एकालाही वाटली नाही.

"तुमीच तं चिठ्ठी आनली, ताई," मुख्याध्यापक म्हणाले. "पोरीले उठू द्या म्हने. आमी रोज दोनदा फिरवून राह्यलो. वर्ग बी शांत राह्यते."

"अन् पुढचा बाक?"

"तो हुशार पोराईसाठी हाये."

"जादा वेळ?"

"त्याचं वरून पत्र याले पायजे."

चहाला मात्र वरून पत्र लागलं नव्हतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण तिथे शहाणं कोण होतं? मी केटली टेबलावर आदळली आणि खुर्ची ओढून बसले. "तिले पुढं बसवल्याबिगर मी इथून हालत नाही."

तासाभराने बसवलं, तेही उपकार केल्यासारखं. जादा वेळेचा अर्ज मी तिथेच लिहून दिला. त्यावरही शिक्का बसला.

शाळा सुटल्यावर पोरगी खुश असेल असं मला वाटलं होतं. ती रडवेली होऊन बाहेर आली.

"आई, आता सर मले शाबास कायले म्हनतीन?"

तीन वर्षांत या शाळेने तिला पहिली शाबासकी दिली ती चहा न सांडता आणल्याची, आणि तीही मीच बंद करून आले होते.