अम्मीच्या मांडीवरचा डाग

तो डाग अम्मीने माझ्यापासून लपवला, कारण तो मांडीवर होता आणि मी तिचा मुलगा.

जन्मभर येवल्यात पैठण्या विणणारी माझी आई तेव्हा रक्ताच्या कॅन्सरच्या केमोसाठी आमच्या सातपूरच्या घरी राहायला होती. दुसरी केमो होऊन आठवडा झाला होता. सकाळी अंघोळ घालताना माझ्या बायकोला मसुरीच्या डाळीएवढा लाल ठिपका दिसला. "मच्छर चावलाय. त्याला नको सांगू," अम्मी म्हणाली.

कारखान्यातली पहिली पाळी संपवून मी दुपारी घरी आलो, तर अम्मी पांघरुणात कुडकुडत होती. ताप एकशे दोन. बायकोला रडूच फुटलं. "तो डाग आता रुपयाएवढा झालाय. मधोमध काळा पडलाय."

"कुठला डाग?"

केमोच्या वॉर्डातल्या सिस्टरनी बजावलं होतं, ताप आला की घरी थांबायचं नाही. रिक्षात गंगापूर रोडच्या सिग्नलला अम्मीचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं. हाक मारली तरी ती नुसतं हुं म्हणायची. सिग्नल सुटेना.

हॉस्पिटलात तिने सलवार दोन्ही हातांनी घट्ट धरली. "आधी याला बाहेर काढा." मी पडद्याबाहेर उभा राहिलो. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"हे साधं गळू नाही. पू व्हायलासुद्धा पांढऱ्या पेशी लागतात, त्या यांच्यात जवळपास उरल्या नाहीत. जंतू रक्तात गेला असावा. रिपोर्टसाठी थांबत नाही, अँटिबायोटिक आत्ताच लावते."

डागाभोवती त्यांनी पेनने रेघ ओढली. संध्याकाळी काळेपणा रेघेबाहेर गेला होता आणि अम्मीचं बीपी खाली. तिला आयसीयूत हलवलं. मी बाकावर बसून सकाळपासूनचे तास मोजत होतो आणि बायकोकडे बघायचं टाळत होतो.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. ओलाव्यात राहणारा जंतू, धडधाकट माणसाच्या सहसा वाटेला जात नाही. औषध मात्र बरोबर लागू पडलं होतं. चौथ्या दिवशी काळेपणा वाढायचा थांबला. पेशी वाढल्यावर मेलेलं मांस कापून काढलं. अक्रोड बसेल एवढा खड्डा राहिला.

घरी ड्रेसिंग माझ्याकडे आलं, कारण जखम बघितली की बायकोला भोवळ यायची. पहिल्या दिवशी अम्मीने ओढणीने तोंड झाकून घेतलं. मीही मान वर केली नाही. आठवडाभरात ओढणी बाजूला गेली.

"गॉजची घडी सरळ घाल रे," ती खेकसली, "किती वाकडं धरतोस!"