वनमालाकाकूंचे इवलेसे मासे

वनमालाकाकू वाकोडे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. चौबे कॉलोनीतली आमची इमारत जुनी, तीन मजली, लिफ्ट नसलेली. काकूंचे यजमान बाबाराव रेल्वेच्या भांडार विभागातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. दोघं मूळचे वर्ध्याचे, पण लग्नानंतरचं सगळं आयुष्य रायपुरात गेलं. मुलगा पराग हैदराबादला असतो. हे दोघं फोनवर मराठीत बोलतात आणि तो हिंदीत उत्तर देतो.

बाबाराव वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगतो. कुणाचं गॅसचं कनेक्शन अडलं, कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं, की ते चप्पल घालून तयार. पण त्यांना दुसऱ्याचं काम जसंच्या तसं राहू देता येत नाही. काकूंनी घडी घातलेल्या चादरी ते पुन्हा उलगडून घडी घालत. काकूंनी लावलेले डबे उंचीप्रमाणे परत लावत. "असं पाहिजे," एवढंच म्हणत. काकू बाजूला उभ्या राहत. चाळीस वर्षांत त्यांना बाजूला उभं राहायची सवय होऊन गेली होती.

तीन वर्षांपूर्वी परागची बदली झाली तेव्हा सून स्नेहल तिचा काचेचा फिशटँक इथेच ठेवून गेली. दोन फूट लांब, फूटभर उंच. बाबाराव तो भंगारात देणार होते. काकू म्हणाल्या, "राहू द्या. मी पाहते."

मग त्या पाहू लागल्या. मोबाइलवर व्हिडिओ बघायच्या, वहीत लिहून घ्यायच्या. रिक्षा करून भैय्यालालच्या मासळीघरात जायच्या. खायच्या मासळीशी या दुकानाचा संबंध नाही. तिथे घरात पाळायचे रंगीत मासे मिळतात. भैय्यालाल मोठा सबुरीचा माणूस, गिऱ्हाइकाला आधी दहा प्रश्न विचारणारा. काकूंनी टँकमध्ये काळी माती पसरली, तिच्यावर बारीक रेती. मागच्या बाजूला लांब पात्यांची झाडं लावली. एका वाळक्या लाकडाला काळ्या दोऱ्यानं शेवाळ बांधलं. पाणी भरलं, फिल्टर लावला, आणि पाच आठवडे त्यात एकही मासा सोडला नाही.

बाबाराव येताजाता म्हणत, "नुसतं पाणीच पाहून राहिली का तू?"

"पाणी पिकू द्या आधी," काकू म्हणत. "मासे घाण करतात, ती खाणारे बारीक जीव आधी पाण्यात वाढाले पाहिजेत. नाही तर मासे मरतात."

सहाव्या आठवड्यात त्यांनी आठ एम्बर टेट्रा आणले. नखाएवढा मासा, विस्तवासारखा लाल. आणखी महिन्याभरानं तळाशी फिरणारे सहा पिग्मी कोरी आले. ते भैय्यालालनं मुद्दाम कोलकात्याहून मागवले होते. शेवटी थोडी लाल झिंगुटली, म्हणजे इवलीशी कोळंबी. काकूंनी सगळा विचार केला होता. कोण वरच्या पाण्यात राहील, कोण खाली. कुणाच्या तोंडात कोण मावणार नाही. माझी बायको कौमुदी आणि मी एकदा पाहायला गेलो, तर काकू खाली पाटावर बसून आम्हाला एकेक दाखवत होत्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

बाबाराव मागे सोफ्यावर होते. मध्येच म्हणाले, "एवढ्या मोठ्या टाकीत जिऱ्याएवढे मासे. पाव्हणा आला तर त्याले चष्मा द्या लागते."

काकू हसल्या, पण वळून पाहिलं नाही.

त्या हिवाळ्यात काकूंच्या मोठ्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि काकू बारा दिवसांसाठी वर्ध्याला गेल्या. जाताना बाबारावांना सांगून गेल्या, "दिवसाआड एक चिमूट खाणं. बाकी कशाले हात लावू नका."

चौथ्या दिवशी बाबाराव खाली आले. म्हणाले, "अनिमेष, स्कूटर काढ. दुकानात जायचं आहे." काकू परत यायच्या त्याच दिवशी त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. त्यांना काकूंना काही तरी द्यायचं होतं. वाटेत ते खुशीत होते.

दुकानात त्यांनी दोन एंजेलफिश निवडले. रुपेरी अंगावर काळे पट्टे, तळहाताएवढे, पंख पडद्यासारखे झुलणारे. दिसायला खरंच देखणे.

भैय्यालालनं जाळी हातात घेऊन विचारलं, "बाबूजी, ये आपके घर वाले टँक में जाएँगे? जिसमें माताजी की छोटी मछलियाँ हैं?"

"हव," बाबाराव म्हणाले.

"मत ले जाइए. ये छोटी को खा जाते हैं."

"दाना मिलेगा तो काहे को खाएँगे? आप पैक कर दो."

भैय्यालालनं माझ्याकडे पाहिलं. मी जवळच उभा होतो. मला तेव्हा वाटलं, वयानं एवढे मोठे आहेत, त्यांच्या घरचा मामला आहे, आपण काहून मध्ये बोलायचं. मी स्कूटरची किल्ली बोटात फिरवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकमध्ये पाचच टेट्रा दिसले. बाबारावांना वाटलं, झाडांत लपले असतील. त्यांनी खाणं वाढवलं. तिसऱ्या दिवशी दोन उरले होते, आणि तळाचे मासे दिसेनात. एका एंजेलच्या तोंडातून एका कोरीचं शेपूट बाहेर आलेलं त्यांनी स्वतः पाहिलं. ते पाहिल्यावर त्यांनी हातानंच एंजेल पकडायला घेतले. मासे झाडांत शिरले, झाडं उपटली गेली, रेतीखालची काळी माती वर आली आणि पाणी चिखल झालं. तासाभरानं दोन्ही मासे बादलीत आले, तेव्हा टँकमध्ये काही जिवंत उरलं नव्हतं.

एंजेल त्यांनी दुकानात परत नेऊन दिले. मग त्यांच्या स्वभावाप्रमाणे सगळं नीट करायला घेतलं. टँक रिकामा केला. काच घासली. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईस्तोवर धुतला. काकूंनी पाच आठवडे वाट पाहून वाढवलेले बारीक जीव त्या स्पंजमध्ये होते, ते मोरीत गेले. नळाचं ताजं पाणी भरलं, झाडं परत खोचली आणि त्याच संध्याकाळी दुकानात होते नव्हते ते सहा एम्बर टेट्रा आणून सोडले. ते पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडत राहिले. दोन दिवसांत सहाही गेले.

काकू आल्या तेव्हा मी त्यांची बॅग वर न्यायला सोबत होतो. त्या चप्पल न काढताच टँकपाशी गेल्या.

"काय झालं?"

"दिवसभर लाइट गेली होती," बाबाराव म्हणाले. "हवा बंद पडली. काही करता आलं नाही."

काकूंनी वाकून काचेतून तळापर्यंत पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "एक दिवस लाइट गेल्यानं असं नाही होत. म्हणजे मीच जास्त मासे टाकले. किंवा पाणी नीट पिकलंच नसेल. माझाच अंदाज चुकला."

बाबाराव त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेले. मी बॅग खाली ठेवली आणि जिना उतरलो.

आठवड्याभरात काकूंनी झाडं भैय्यालालला देऊन टाकली आणि टँक माळ्यावर चढवला. लग्नाच्या वाढदिवसाचं नावही कुणी काढलं नाही.

यावर दोन वर्षं गेली. बाबाराव सकाळी माझ्यासोबत बगीच्यात फिरायला येत. दोनतीनदा त्यांनी विषय काढला. "सांगून टाकू म्हणतो," म्हणायचे. मी म्हणायचो, "सांगा की काकाजी." पण घरी गेले की त्यांचं तोंड उघडत नसे. कधी काकूंची तब्येत बरी नसे, कधी पाहुणे असत. आता कशाला जुनं उकरायचं, असंही ते म्हणत. मी कौमुदीलाही काही सांगितलं नव्हतं.

या जानेवारीत कौमुदीनं टँक घेतला, काकूंसारखाच, झाडांचा. ती वर गेली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही सांगाल तसं करते मी. या ना एकदा."

काकू म्हणाल्या, "मले नको विचारू बाई. मले नाही जमत ते. माझ्या हातचे जीव जगत नाहीत."

बाबाराव तिथेच पेपर वाचत होते.

त्यानंतर दोन दिवस ते फिरायला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी काकू तिवऱ्याची पालेभाजी निवडत बसल्या होत्या, तेव्हा त्यांनी समोर बसून सगळं सांगितलं. एंजेलचं, भैय्यालालनं नाही म्हटल्याचं, स्पंज धुतल्याचं, मेलेले सहा मासे कुंडीत पुरल्याचं. मीही सोबत होतो, हेसुद्धा. काकू भाजी निवडत राहिल्या. ती संपल्यावर म्हणाल्या, "मासे गेले, त्याचं मी सोसलं असतं. तुमच्यासमोर मी स्वतःले दोष देऊन राहिली होती. दोन वर्षं. तुम्ही ऐकत होते."

हे सगळं मला बाबारावांनीच सांगितलं.

संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या. कौमुदी आत होती. दारातच मला म्हणाल्या, "तू होता ना रे सोबत?"

"होतो काकू."

"मग तुले तरी सांगता आलं असतं."

मी काकाजींचं वय, त्यांच्या घरचा मामला, असं काही तरी बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. कौमुदी बाहेर आली तेव्हा तिलाही सगळं कळलं. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

काकू महिनाभर बहिणीकडे राहून आल्या. परत आल्यावर आपणहून कौमुदीला म्हणाल्या, "आण तुझी वही." आता दर गुरुवारी दुपारी त्या खाली येतात. कौमुदीचे मासे पाच आठवडे थांबूनच आले. स्वतःच्या घरात मात्र त्यांना टँक नको आहे. बाबारावांनी माळ्यावरचा खाली काढला होता, पुसूनही ठेवला होता. काकूंनी तो परत ठेवायला लावला. म्हणाल्या, "या वयात मले आता पुन्हा सुरुवात नाही करायची."

मागच्या गुरुवारी मला सुट्टी होती. आतल्या खोलीत काकू कौमुदीला समजावत होत्या, तळाच्या माशांना रेती बारीकच का लागते ते. मी दार उघडलं तर जिन्यात बाबाराव उभे होते. एक हात कठड्यावर, मान आवाजाच्या दिशेला. मला पाहून ते ओशाळले आणि परत वर चढू लागले. गुडघेदुखीमुळे त्यांना प्रत्येक पायरीवर थांबावं लागत होतं. या की काकाजी, आत या, एवढंच मला म्हणायचं होतं. ते वरच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी दारात उभा राहिलो, आणि म्हटलं नाही.