खालाच्या अंगठ्यानं उघडणारा फोन

आईच्या जुन्या फोनवरचे आकडे पुसून गेले होते. ती अंदाजानं बटणं दाबायची आणि माझ्याऐवजी अकोटच्या खतवाल्याला फोन लागायचा. तो बिचारा तिची विचारपूस करून ठेवून द्यायचा. शेवटी मी अमरावतीहून सुट्टी काढून गावी गेले आणि तिला अकोटला मोबाईलच्या दुकानात नेलं.

दुकानदारानं नवा स्मार्टफोन पुढे केला. पाठीवर छोटासा गोल खळगा होता. त्यावर बोट टेकवलं की कुलूप उघडतं, हे त्यानं दाखवल्यावर आईनं दुसरे फोन बघितलेच नाहीत.

"हाच द्या. किल्ली हरवाची भानगड नाई."

पण फोन तिचं बोट घेईना.

"मावशी, बोट जरा सरळ ठेवा."

"आता याच्याहून सरळ कुठून आनू बाप्पा?"

अंगठा झाला, मधलं बोट झालं, डावा हात झाला. पदरानं पुसून झालं. इतकी वर्षं कापूस वेचून, बोंडांच्या टोकदार कडांनी तिच्या बोटांवरच्या रेषा घासून गेल्या होत्या. दुकानदारानं तसं सांगितलं तर तिला रागच आला.

"माह्या बोटाले काय झालं? तुह्या फोनलेच दिसत नसन!"

फोन मात्र तोच घेतला.

घरी आलो तर शेजारची खाला ओट्यावर वाट बघत होती. आई लग्न होऊन या गावात आली तेव्हापासूनची तिची मैत्रीण. खाला बांगड्या भरायची. साबणाच्या पाण्यात बायकांचे हात चोळून चोळून तिचे स्वतःचे हात लोण्यासारखे झाले होते. मी बोट नोंदवायला फोन पुन्हा आईपुढे धरला, तर खालानंच गंमत म्हणून अंगठा टेकवला आणि फोननं तो लगेच घेतला.

"घे माय, फोन माहा झाला!" खाला हसत सुटली.

"राहू दे तुहाच," आई म्हणाली. "माह्या घरात तुले कोनतं कुलूप हाय?"

बोटाशिवायही उघडता यावा म्हणून मी चार आकड्यांचा नंबर घातला आणि आईकडून घोकून घेतला. ती तो वापरायची नाही. मला फोन करायचा म्हणजे उठून खालाकडे जायचं, हे ठरलेलंच. व्हिडिओ कॉलवर मला दोघींची कपाळं दिसायची आणि मधे खालाची बकरी.

त्या वर्षी कापसावर गुलाबी बोंडअळी आली. एखाद-दुसरा वेचा कसाबसा झाला आणि लोकांनी कापसाची झाडं, उभ्या पऱ्हाट्या, उपटून टाकल्या. एरवी वेचणीच्या दिवसांत आई फोनवर धड दोन वाक्यं बोलायची नाही. आता तिच्याकडे वेळच वेळ होता. त्यातच खाला लेकीच्या बाळंतपणासाठी मूर्तिजापूरला गेली. आईचे फोन बंद झाले. मी करायचे तेव्हा ती उचलायची आणि "बरी हाय" म्हणायची, तेवढंच.

एका संध्याकाळी फोन केला तर मागे भांड्यांचा आवाज, तान्ह्या बाळाचं रडणं.

"आई, कुठं आहेस?"

"मूर्तिजापूरले."

"काय झालं?"

"काई नाई. फोन उघडाले आली."

अकोटहून अकोला, तिथं एस.टी. बदलून मूर्तिजापूर. मी कपाळाला हात लावला. रविवारी उठून मीही तिकडे गेले.

अंगणात, उन्हात, बाजेवर दोघी बसल्या होत्या. आईच्या मांडीवर खालाचा नातू. खाला फोन हातभर लांब धरून बाळाचा फोटो काढत होती आणि आई तिला सांगत होती, "वर घे, त्याचं टकुरं कापून राहिली तू."

जेवण झाल्यावर मी हळूच विचारलं, "नंबर विसरलीस का गं?"

आईनं चारही आकडे घडाघडा म्हणून दाखवले.

"मग एवढं यायचं काहून?"

"आता वावरात जाऊन काय पाहू? सारं उघडंबोडकं पडलं हाय. घर खायाले उठते." तिनं बाळाचं अंगडं नीट केलं. "अन् उगाच कोनाच्या दारात जाऊन बसाले बरं दिसते का? काही काम पायजे ना."

खालानं आतून ऐकलंच. "बाप्पा! हिले माह्या घरी याले काम पायजे म्हने!" आणि बाहेर येऊन तिनं आईच्या हातावर चहाचा कप ठेवला.

मी दुपारच्या गाडीनं एकटीच परतले. बाळाची छठी झाल्याशिवाय आई हलणार नव्हती. बडनेरा यायच्या आधीच फोटो येऊ लागले: बाळ, बाळ, बाळाचा पाय, आणि एक नुसता बाजेचा.