निलंबित सुरत्या

बशीतला उरलेला चहा जमिनीवर ओतायचा, "आलं की सुरत्या!" म्हणून ओरडायचं आणि बंबाकडे पळायचं. आमच्या सूतगिरणीत आगीचा भोंगा वाजला, की मामांचा हा क्रम कधी चुकला नाही. सगळी गिरणी त्यांना मामाच म्हणायची. ते गिरणीच्या बंबावर होते आणि मी कचेरीत कारकून. सत्तरच्या आसपासची गोष्ट.

तुम्ही म्हणाल, हा सुरत्या कोण? मामा शिवाजी पेठेतले. तिथल्या तालमीत कव्हर फाटलेलं एक पुस्तक त्यांच्या हाती लागलं होतं. त्यात कुठल्याशा बर्फाळ मुलखातल्या जुन्या देवांच्या गोष्टी. जगाच्या शेवटी दक्षिणेकडून आगीचे राक्षस येतात आणि सगळं जाळून टाकतात. त्यांचा म्होरक्या सुर्त. पेठेत आल्यावर त्याचा सुरत्या झाला, हे ओघानं आलंच.

"देवबी हारत्यात, कारकून," मामा सांगायचे. "एका देवानं तर लगीन जमवायच्या नादात तलवारच देऊन टाकली. मग सुरत्याम्होरं मोकळ्या हातानं हुबा ऱ्हायला. येडं!"

"म्हणजे सगळंच संपतं?"

"न्हाय! झाडात लपल्याली दोन माणसं वाचत्यात की. बंब त्येंच्यासाठीच असतोय."

एकदा पिंजणखात्यात किरकोळ आग लागली. अहवाल मामा सांगायचे, मी लिहायचो. आगीचे कारण? "लिवा, सुरत्या." माझं डोकं कुठं होतं कोण जाणे, मी तसंच लिहिलं. साहेब नवे, बाहेरगावचे. चौथ्या दिवशी शेरा आला: 'सदर इसमास तात्काळ निलंबित करावे.' हजेरीबुकात सुरत्या शोधून टाइमकीपर घामाघूम झाला. मामा आठवडाभर सांगत फिरले, "देवास्नी जमलं न्हाय, ते आपल्या सायबानं केलं!"

निलंबित सुरत्या पुढच्याच उन्हाळ्यात कापसाच्या गोदामात हजर झाला. आत कापूस निवडणाऱ्या दोघी, सासू आणि सून, अडकल्या होत्या. पाण्याची नळी जेमतेम दारापर्यंत पोचत होती. मामांनी ती जोडीदाराच्या हातात दिली आणि मोकळ्या हातांनी आत शिरले. दारात उभं राहून मी लहान मुलासारखा रडलो, हे सांगायला आज लाज वाटत नाही. दोघींना दंडाला धरून मामा बाहेर आले आणि खोकत म्हणाले, "म्याबी येडाच की, कारकून!"

तो खोकला मात्र छातीत बसला तो बसलाच. दोन वर्षांत मामा गेले.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर गेलो, पण मला उशीर झाला होता. घाट मोकळा झाला होता. चिंचेखाली फक्त ती सासू आणि सून उभ्या होत्या.

"सगळी गेली?" मी विचारलं.

"व्हय," म्हातारी म्हणाली. "आमी दोघीच हाय की."