शेवंताबाईचा उजवा हात

धनराजचा फोन आला तेव्हा मी फुलचूरच्या घरी दाढी करत होतो. अर्ध्या गालावर साबण तसाच होता. "मामा, आई गेली," एवढंच तो म्हणाला. शेवंताबाई माझी थोरली बहीण. थोरल्या बहिणीला आमच्याकडे नुसतं बाई म्हणतात, मीही तेच म्हणत आलो. वर्षभर ती कामठ्याला आजारीच होती, त्यामुळे अचानक काही झालं असं नव्हतं. सुटली बिचारी, असे शब्द माझ्या तोंडात आले आणि मी ते गिळले. तिला अडकवणाऱ्यांत मीच पहिला होतो, मी कोणत्या तोंडानं म्हणणार सुटली म्हणून? पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात चार माणसं बोलली आणि चारही जणांनी माझं कौतुक केलं. भावानं सेवा करावी तर मास्तरांसारखी, म्हणाले. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, मास्तर दुःखात आहेत. दुःख होतंच, पण मान वर न होण्याचं कारण वेगळं होतं, आणि ते कुठंतरी लिहून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

बाई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. माय लवकर गेली, तेव्हापासून मला तिनंच वाढवलं, आणि तेही दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, रोवणी करून. धानाची रोवणी पाहिली नसेल त्यांना सांगतो, डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे कोवळ्या रोपांची पेंडी धरायची, उजव्या हाताच्या तीन बोटांनी दोन-तीन रोपं सोडवायची आणि चिखलात खोचून हात बाहेर काढायचा. वाकून, दिवसभर. बाईचा हात असा चालायचा की बघणाऱ्याला बोटं दिसायचीच नाहीत, मागे नुसती हिरवी ओळ उठत जायची. एकदा मीही हौसेनं उतरलो, तर माझी रोपं पाण्यावर तरंगायला लागली. "तुये पऱ्हे पोहून राहिले, बाबू," ती हसून म्हणाली, "तू आपला शाळेत जाय." गेलो. पुढे आयटीआयमध्ये नोकरी लागली, पोरांना वायरिंग शिकवू लागलो, मास्तर झालो. पहिल्या पगाराला तिला लुगडं नेलं आणि बजावलं, आता चिखलात पाय ठेवायचा नाही. तिनं लुगडं पेटीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी रोवणीला गेली. साठी उलटली, नवरा गेला, सून आली, तरी जातच राहिली. माझ्या मनात ते कायम सलत राहिलं... खरं तर ती आनंदात होती, सलत मला होतं.

मागच्या वर्षी धान कापणी आटोपली आणि एके दिवशी जेवताना बाईच्या हातातून घास पडला. उजवी बाजू गेली. गोंदियाला दवाखान्यात जीव वाचला. डॉक्टरांनी सुट्टी देताना सांगितलं, आता हातापायाचं काम व्यायामावर आहे आणि पहिले काही महिने वाया घालवू नका. म्हणून फिजिओथेरपीसाठी प्रणाली मॅडम स्कूटीवरून कामठ्याला येऊ लागली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची पोरगी, गोंदिया शहरातली, निम्मं हिंदी बोलणारी. तिनं पहिल्या आठवड्यात बाईला बसवलं, दुसऱ्यात धरून उभं केलं, आणि महिना व्हायच्या आत बाई काठी टेकत अंगणात आली. एकेक पाऊल कसं टाकायचं हे ती लहान मुलासारखं नव्यानं शिकत होती. पण हात काही ऐकेना. मॅडमनं रबरी चेंडू दिला, तर बाईनं तो डाव्या हातानं फेकून दिला. "मी का लेकरू आहो?" जीभ जड झाली होती, तरी एवढं तिनं नीट म्हटलं.

मग मॅडमनं सुनेला, वंदनाला विचारलं, आजी आयुष्यभर काय करायच्या? आणि पुढच्या खेपेला तिनं बांधीतला चिखल भरून घमेलं आणायला लावलं. तणसाच्या, म्हणजे धानाच्या वाळल्या पेंढ्याच्या, बोटभर काड्या कापल्या. "चलो आजी, रोवणी करा." बाई वाकड्या तोंडानं हसली. आजारी पडल्यावर तिचं ते पहिलं हसू होतं. पहिल्या दिवशी अंगठा बोटाला भेटेना. मॅडम मनगट धरून बसायची, काडी पडायची, पुन्हा उचलायची. चौथ्या खेपेला एक काडी उभी राहिली. पाचव्या आठवड्यात सात काड्यांची ओळ झाली, तिरपी, पण उभी. चिखल पातळ झाला म्हणून बाई वंदनावर खेकसली तेव्हा आम्ही सगळे हसलो. घरात बाई परत आल्यासारखं वाटलं... एवढं सगळं झालं होतं. एवढं झाल्यावर मी ते मोडलं.

आजारी माणसाला भेटायला येण्याची आपल्याकडे रीत आहे. बिस्किटपुडा घेऊन यायचं, खाटेजवळ बसायचं आणि घरचे कसं करतात ते बघून जायचं. कोहमाऱ्याहून बाईची नणंद मथुराबाई आली, तेव्हा बाई अंगणात घमेल्यासमोर बसलेली, मनगटापर्यंत चिखल. शेजारच्या बायाही जमल्या होत्या. मथुराबाई सगळ्यांसमोर मला म्हणाली, "काऊन गा मास्तर, जलमभर तर राबली चिखलात. आता लकवा मारला तरी रोवणीच कराले लावून राहिले का तिले?"

मला भर अंगणात थोबाडीत बसल्यासारखं झालं. मी उठलो, घमेलं उचललं आणि उकिरड्यावर रिकामं केलं. बाई मागून म्हणाली, "एक ओळ... रायली, बाबू." मी गरम पाणी मागवलं, तिचा हात स्वतः धुतला, पंच्यानं पुसला आणि म्हटलं, पुरे झालं आता, आराम कर. ती माझ्याकडे बघत राहिली. शिकलेला भाऊ म्हणतो म्हणजे बरोबरच असणार, अशी तिची जन्माची समजूत होती. तिनं वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम आली. मी सांगितलं, माझी बहीण आता कोणाची मजूर नाही, दुसरं काही करायचं तर करा. ती गोंधळली. "सर, उनके हाथ को यही काम याद है. दुसरं काय देऊ? गेंद तो वो फेंक देती हैं." मी म्हटलं, गरज पडली तर बोलावू. तिनं जाताना एका कागदावर चित्रं काढून सगळे व्यायाम लिहून दिले. तो कागद मी फाइलला लावला. कागद नीट ठेवायची सवय आहे मला.

मग सुरू झाली सेवा. घास मी किंवा वंदना भरवणार, पाण्याचा पेला तिच्या हाताला लागू द्यायचा नाही. चालताना पडली तर काय, म्हणून काठी कोपऱ्यात गेली आणि दोघांनी उचलून नेणं सुरू झालं. रोज सकाळी अंगाला तेल चोळायचं, गादी हवेची. मी एक दिवसाआड फुलचूरहून जायचो. वंदना एकदा चाचरत म्हणाली, "मामाजी, आईले सोतानं उठू द्या म्हनत होती मॅडम." मी तिच्यावर उखडलो, मॅडमची आई आहे का ती? गावात माझं नाव निघू लागलं आणि, आज कबूल करतो, ते मला गोड लागत होतं. उन्हाळ्यापर्यंत बाईच्या पायांनी भार घेणं सोडलं. खांदा आखडला, मूठ मिटली ती मिटलीच. रोवणीच्या दिवसांत बाया हाका मारत घरावरून जायच्या, तेव्हा बाई तोंड फिरवून पडून राहायची.

मुठीची नखं तळहातात रुतून जखम झाली, तेव्हा मी प्रणाली मॅडमला फोन केला. ती लगेच आली. बोटं उघडायला गेली तर बाई अशी किंचाळली की मी बाहेर निघून गेलो. थोड्या वेळानं मॅडम अंगणात आली, डोळे पुसत. मला वाटलं, आता ही मला झाडणार. ती म्हणाली, "सर, मी तेव्हा तुमच्याशी भांडायला पाहिजे होतं." तिनं वंदनाला रुमालाची गुंडाळी मुठीत कशी सरकवायची ते दाखवलं. नखं रुतू नयेत म्हणून. आता तेवढंच उरलं होतं. पुढे छातीत कफ साचला, दवाखाना झाला, परत घरी आणली... आणि मग तो फोन.

मागच्या आठवड्यात धनराजनं बाईच्या खोलीला चुना मारायला काढला, म्हणून खाट सरकवायला मी हात लावला. लुळ्या हाताला येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागू नये म्हणून तो हात भिंतीकडे येईल अशी खाट मीच लावून घेतली होती. खाट हलली आणि मागच्या भिंतीवर तेलकट काळा पट्टा दिसला. खाटेच्या काठापासून निघून वर चढत गेलेला, तीन बोटांच्या रुंदीचा. मी वंदनाला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "आई करत होती. भिंतीवर बोटं चढवा म्हून मॅडमनं शिकवलं होतं ना... कोनी नसलं का करे. मूठ मिटेपर्यंत केलं. तुमाले सांगू नोको म्हने, बाबू रागावन."

पट्टा जिथं संपतो त्याच्या वर दिव्याचं बटन आहे. दिवा लावायला न् मालवायला तिला दरवेळी कोणाला तरी हाक मारावी लागायची. मी बोटं लावून मोजलं, चार बोटं कमी पडली तिला. या घराचं वायरिंग मी केलेलं, ते बटन माझ्या हातानं, माझ्या उंचीला सोयीचं म्हणून तिथं बसवलेलं. खाली घ्यायचं तर पंधरा मिनिटांचं काम होतं. पेचकस तर माझ्या पिशवीत कायमच असतो.